कामावर अपघात झाला आणि नुकसानभरपाईचा दावा नाकारला गेला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या कारखान्यांतून, बांधकामांवरून, गोदामांतून आणि हॉटेलांच्या भटारखान्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 'जुना कायदा' असं जिथे म्हटलं आहे तिथे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ समजावा. साइटवर त्याला अजूनही 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन' असंच म्हणतात. नव्या संहितेबद्दल प्रश्न ३ पाहा.

१. विमा कंपनीने 'क्लेम रिजेक्टेड' असं पत्र दिलंय. विषय संपला का?

नाही. ते पत्र बहुतेक वेळा मालकाला लिहिलेलं असतं, कारण पॉलिसी त्याची आहे. भरपाईची मूळ जबाबदारी मालकाची असते. ते पैसे तो खिशातून देतो की विम्यातून, हा त्याचा आणि विमा कंपनीचा व्यवहार. पगार कमी दाखवला, माणसं कमी दाखवली, कळवायला उशीर केला, अशा कारणांनी कंपनीने हात वर केले तरी तुमचा मालकावरचा हक्क तसाच राहतो. दावा बसतो की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त नुकसानभरपाई आयुक्तांना आहे (ते कोण, हे प्रश्न ४ मध्ये).

उलट हे पत्र जपून ठेवा. जखमी कामगाराने अर्ज करायचा तर दोन्ही बाजूंत वाद आहे आणि तो आपसात मिटला नाही, हे दाखवावं लागतं (जुन्या कायद्याचं कलम २२). नकाराचं पत्र हाच त्याचा पुरावा. नकार तोंडी असेल तर मालकाला लेखी मागणी पाठवा : अपघाताची तारीख, वेळ, जागा, इजा, मागितलेली रक्कम आणि उत्तरासाठी १५ दिवस. स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवा. व्हॉट्सअॅपवरही टाका, निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट कामी येतो. पण भिस्त टपालाच्या पोचेवर ठेवा.

२. माझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात. तरी आयुक्तांकडे जाऊ का?

नाही. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही (ईएसआय कायद्याचं कलम ५३). महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि ईएसआय लागू असलेली आस्थापना असेल, तर तुमची वाट ईएसआयची. पगाराची स्लिप पाहा, विमा क्रमांक आहे का ते बघा आणि प्रश्न १३ वर जा. चुकीच्या दारात वर्ष-दीड वर्ष गेल्यावर 'अर्ज चालण्याजोगा नाही' असं ऐकण्यापेक्षा हे पहिल्या दिवशी तपासलेलं बरं.

३. नवीन कायदा आला म्हणतात. जुनी कलमं अजून चालतात का?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९२३ चा कायदा व ईएसआय कायदा तिच्यात सामावले गेले. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर हक्क जुन्या कायद्याने ठरतो. नंतरचा असेल तर अर्जात संहितेचा उल्लेख हवा. 'आयुक्त' या शब्दाऐवजी संहितेत 'सक्षम प्राधिकारी' आहे. मालकाची जबाबदारी, अपवाद, दोन वर्षांची मुदत आणि रकमेचं सूत्र यांचा सांगाडा तोच राहिला आहे. खाली कलमांचे क्रमांक जुन्या कायद्याचे दिले आहेत, कारण चालू प्रकरणांतल्या कागदांवर तेच दिसतात.

४. मुंबईत अर्ज नेमका कुठे करायचा?

इथे एक घोटाळा हमखास होतो. लोक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जातात, कारण तिथे 'कामगार आयुक्त' अशी पाटी आहे. ते कार्यालय वेगळं. नुकसानभरपाई आयुक्त म्हणून मुंबईत कामगार न्यायालयाचे न्यायाधीश काम पाहतात आणि हे न्यायालय वांद्रे पूर्वेला आहे. अपघात संहितेनंतरचा असेल तर अर्ज कोण स्वीकारतं हे आधी तिथल्या फायलिंगच्या खिडकीवर विचारून घ्या.

मुंबईतच अर्ज केला पाहिजे असंही नाही. अपघात झाला ती जागा, तुम्ही किंवा वारस राहता ती जागा, आणि मालकाचं नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कुठेही अर्ज चालतो (कलम २१). नवरा पवईच्या साइटवर अपघातात मरण पावला आणि बायको बीडला राहते, तर तिने दर तारखेला मुंबई गाठायची गरज नाही. मात्र साक्षीदार मुंबईचे असतील तर त्यांना बीडला नेण्याचा खर्च आधी धरा.

५. मुदत किती? नकाराच्या पत्रापासून मोजायची का?

मुदत दोन वर्षं, आणि ती अपघाताच्या तारखेपासून (मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून) मोजायची. पत्राची तारीख इथे कामाची नाही. 'विमा कंपनीचं चालू आहे, थांब जरा' असं सांगत मालक दीड-पावणेदोन वर्षं काढतो आणि मग नकार येतो. मुंबईतले कितीतरी दावे इथेच अडचणीत येतात. बोलणी चालू असली तरी अर्ज दाखल करून ठेवा, तडजोड नंतरही करता येते.

मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्या. दीर्घ उपचार, मालकाची लेखी आश्वासनं, गावी अंथरुणाला खिळून असणं ही कारणं आयुक्त ऐकून घेतात, पण प्रत्येकाला कागद हवा. धंद्यातून जडलेल्या आजारात, उदाहरणार्थ धुळीने फुफ्फुसं निकामी होणं, आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस अपघाताचा मानतात.

६. 'दारू प्यायला होता', 'हेल्मेट घातलं नव्हतं', 'स्वतःच्याच चुकीने झालं' ही कारणं टिकतात का?

तिन्ही वेगवेगळी आहेत, एकत्र मोजू नका.

*स्वतःची चूक, निष्काळजीपणा* : ही सबब चालत नाही. इथे मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही आणि कामगाराच्या साध्या चुकीने भरपाई कमी होत नाही.

*दारू किंवा नशा* : इजा नशेच्या अमलामुळेच झाली हे मालकाने सिद्ध करायचं असतं. 'तोंडाला वास होता' एवढं पुरत नाही. रक्ताचा अहवाल मागा, तो बहुधा नसतोच.

*सुरक्षेचा नियम मोडला, मशीनचं गार्ड काढलं* : लेखी किंवा स्पष्ट आदेश होता आणि तो मुद्दाम मोडला, असं दोन्ही दाखवावं लागतं. पॉवर प्रेसचं गार्ड सुपरवायझरनेच उत्पादन वाढवायला काढायला लावलेलं असेल तर ते सांगणारा सहकारी ही तुमची सगळ्यात मोठी ताकद.

शेवटचे दोन बचाव मृत्यू आणि कायमचं संपूर्ण अपंगत्व यांत चालतच नाहीत. तरीही नकाराच्या पत्रांत ते सर्रास छापलेले असतात. याशिवाय इजेमुळे तीन दिवसांहून जास्त काम बुडालं नसेल तर भरपाई नाही, एवढी किमान अट आहे.

७. हॉस्पिटलच्या कागदावर 'घरी पडला' असं लिहिलंय. आता काय?

नाकारलेल्या दाव्यांत सर्वांत जास्त नुकसान या एका ओळीने होतं. ठेकेदार जखमीला सायन, केईएम किंवा कूपरला नेतो आणि केसपेपरवर 'बाथरूममध्ये घसरला' असं सांगतो, म्हणजे पोलीस केस होत नाही. जखमी शुद्धीवर नसतो, किंवा घाबरलेला असतो.

केसपेपरवर खाडाखोड करायला कुणालाही सांगू नका, ते उलटतं. त्याऐवजी :

पहिलं, ज्या हद्दीत काम होतं त्या पोलीस ठाण्यात लेखी जबाब द्या. त्यात माहिती कुणी आणि का चुकीची सांगितली ते लिहा, आणि शिक्क्याची प्रत घ्या. दुसरं, हॉस्पिटलचे पूर्ण कागद मागा : एमएलसी नोंद (पोलीस केस होऊ शकेल अशा इजेची हॉस्पिटलने केलेली नोंद), अपघात विभागाचं रजिस्टर, डिस्चार्ज कार्ड. 'आणणाऱ्याचं नाव' या रकान्यात बहुधा ठेकेदाराचं किंवा मुकादमाचंच नाव असतं. घरी पडलेल्या माणसाला मुकादमाने का आणलं, हा प्रश्न उलटतपासात फार बोलका ठरतो. महापालिकेच्या हॉस्पिटलात टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तिसरं, इजेचं स्वरूप. प्रेसमध्ये चिरडलेली बोटं आणि पडून मोडलेला हात डॉक्टरला वेगळे ओळखता येतात, म्हणून साक्षीत त्यांना हा प्रश्न विचारायला लावा. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. मालकाने अपघात कळवला होता का आणि निरीक्षकाने काय नोंदवलं, हे तिथून माहिती अधिकारात मिळतं.

८. 'हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे' म्हणतात.

मूळ मालकाच्या धंद्याचाच भाग असलेलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर मूळ मालकही भरपाईला बांधील असतो आणि ती रक्कम तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो (कलम १२). म्हणून अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा, आणि विमा कंपनीला तिसरा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. 'रोजंदारीवर होता, कायम नव्हता' ही सबब २००० च्या दुरुस्तीनंतर उरलेली नाही.

नोकरीचा पुरावा म्हणून नेमणूकपत्र बहुतेकांकडे नसतंच. चालतं ते असं : गेट पास, साइटवरच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावरची सही, पीएफचा यूएएन (खात्याचा क्रमांक), जीपेवर आलेले पैसे, मुकादमाच्या व्हॉट्सअॅप गटातल्या हजेऱ्या, साइटवरचा फोटो. फोन बदलण्याआधी हे सगळं दुसरीकडे साठवा. फुटलेल्या मोबाइलबरोबर पुरावाही जातो.

९. रक्कम कशी काढतात?

महिन्याचा पगार, वयाचा गुणक आणि अपंगत्वाचं प्रमाण, या तीन गोष्टींवरून. मृत्यूसाठी पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणक, कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के गुणिले गुणक. जुन्या कायद्यात किमान रकमा अनुक्रमे १,२०,००० आणि १,४०,००० रुपये आहेत. पगार कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून हिशेबात जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. गुणक वयाबरोबर उतरतो : पूर्ण २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

उदाहरण घ्या. वय ४०, पगार १८,००० (धरायचे १५,०००), प्रेसवर उजवा अंगठा पूर्ण गेला. १५,००० चे ६० टक्के ९,००० रुपये. ९,००० × १८४.१७ = १६,५७,५३०. कायद्याच्या परिशिष्टात (इजा आणि त्यांचे टक्के यांची यादी) अंगठ्याला ३० टक्के आहेत, म्हणून ४,९७,२५९ रुपये. तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, मधलं बोट १२, एका हाताची चारही बोटं ५०.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं.

पगार कागदावर ९,००० आणि हातात १५,००० असेल तर बँक नोंदी लावा. काहीच नसेल तर त्या कामाचं किमान वेतन धरण्याचा आग्रह धरा. फुकट जेवण आणि राहणं हेही पगारात मोजतात. हॉटेलातले कामगार हे विसरतात.

१०. डॉक्टरांनी २० टक्के अपंगत्व लिहिलं, पण माझं काम तर पूर्णच गेलं.

शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिशिष्टात नसलेल्या इजेत (पाठीचा मणका, खांदा, डोक्याची इजा) कायदा कमाईची घट विचारतो आणि ती पात्र डॉक्टरने ठरवलेली असावी लागते. सरकारी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराचे असतात, त्यांच्यावर थांबू नका. डॉक्टरला तुमचं काम समजावून सांगा : किती किलो उचलता, किती तास उभे राहता, शिडी चढता का. मग प्रमाणपत्रात 'कमाईच्या क्षमतेत अमुक टक्के घट' हे शब्द मागा.

सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात हा मुद्दा कायमचा स्पष्ट केला. डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व संपूर्ण धरलं गेलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात आहे.

डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर नुसतं प्रमाणपत्र लंगडं पडतं. समन्स काढायला लावा आणि त्यांच्या फीचे पैसे बाजूला ठेवा. मालकाने स्वखर्चाने आपल्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलं तर जा. कारण नसताना नाकारलं तर हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो.

११. 'हॉस्पिटलचं बिल आम्ही भरलं, तेवढे वजा करू' हे बरोबर आहे का?

नाही. उपचारासाठी दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत. उलट कामावरच्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. औषधांची मूळ बिलं जपा.

१२. मालक म्हणतो ५०,००० घे आणि सही कर. घेऊ का?

पैसे घ्यायला हरकत नाही, सही कशावर करता ते बघा. हक्क सोडल्याचा करार कायद्याने निरर्थक आहे (कलम १७). एकरकमी तडजोडीचा मसुदा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीला पाठवलाच नाही, तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो आणि आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर आधी दिलेल्यातलं निम्म्याहून जास्त वजा करू शकत नाही (कलम २९). कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. केली असेल तर लगेच लेखी कळवा की कागद कोरा होता.

१३. ईएसआयनेच दावा नाकारला. तिथे काय करायचं?

आधी नेमकं काय नाकारलं ते बघा. अपघात 'कामावरचा' मानला नाही, तर बहुधा मालकाने अपघाताचा अहवालच पाठवलेला नसतो किंवा उशिरा पाठवलेला असतो. शाखा कार्यालयात स्वतः लेखी कळवा आणि साक्षीदारांची नावं द्या. कामाच्या वेळेत झालेला अपघात कामामुळेच झाला, असं उलट पुरावा येईपर्यंत गृहीत धरतात.

वैद्यकीय मंडळाने टक्के कमी दिले असतील तर तीन महिन्यांत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात. मंडळासमोर जाताना अंधेरी, कांदिवली, मुलुंड, वरळी, जिथे उपचार झाले तिथले सगळे एक्स-रे मूळ प्रतीत न्या.

'नोंदणीच अपघातानंतर झाली' हे कारण तुमच्याविरुद्ध चालत नाही. वर्गणी देय होती एवढं पुरेसं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटलं आहे. ईएसआय महामंडळ लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं. तात्पुरत्या अपंगत्वात इथे सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, म्हणजे जुन्या कायद्यापेक्षा बरंच जास्त.

१४. कामावर जाताना लोकलमध्ये किंवा रस्त्यावर अपघात झाला तर?

वर्षानुवर्षं याचं उत्तर 'नाही' असं येत होतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाराशिव भागातल्या साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या प्रकरणात ते बदललं. तो पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. घर ते काम या प्रवासाचा वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर अपघात कामावरचा मानतात. संहितेत आता हे लिहूनच आलं आहे. मुंबईकराने पास, पाळीचं वेळापत्रक आणि नेहमीचा मार्ग एकत्र जुळवून दाखवावा. सुटल्यावर दादरला उतरून खरेदी केली असेल तर संबंध पातळ होतो.

दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा पर्यायही आहे, पण दोन्हीपैकी एकच निवडावा लागतो. तिथे १५,००० ची मर्यादा नाही, मात्र सहसा समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. चूक स्पष्ट असेल आणि जखमी तरुण असेल तर तीच वाट सहसा फायद्याची.

१५. ड्युटीवर हृदयविकाराचा झटका आला. हा अपघात का?

होऊ शकतो, आपोआप होत नाही. कामाचा ताण आणि झटका यांचा संबंध दाखवावा लागतो. सलग दुहेरी पाळी, भट्टीपाशी काम, जिन्याने माल वर नेणं, असं काही नोंदीत हवं. नुसतं 'कामावर असताना गेला' एवढ्यावर दावे पडले आहेत. शेवटच्या ४८ तासांची हजेरी ताबडतोब मिळवा, तीच पुढे सापडत नाही.

१६. मृत्यू झाला. पैसे थेट विधवेच्या हातात दिले तर चालतं का?

नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, थेट दिलेली रक्कम भरपाई मानत नाहीत (तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम हा अपवाद). वाटणी आयुक्त ठरवतात. विधवा, अल्पवयीन मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना अवलंबित्व वेगळं सिद्ध करावं लागत नाही. वडिलांना लागतं. अंत्यविधीसाठी किमान ५,००० रुपये वेगळे.

गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये मृत्यू असेल तर ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ३० लाख रुपये देय आहेत. हा मुद्दा महापालिकेपुढे आणि सरकारपुढे स्वतंत्रपणे लावा. सोसायट्यांच्या टाक्यांच्या बाबतीत तो सहसा दडपला जातो.

१७. वकील लागतोच का? किती दिवस लागतील?

कायद्याने वकील सक्तीचा नाही, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. पण डॉक्टरची साक्ष आणि मालकाचा उलटतपास स्वतः करणं अवघड आहे. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं. हेल्पलाइन १५१००. 'मिळालेल्यातले ३० टक्के द्या' म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा.

कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. उशिराची सोय व्याजात आहे : देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर जुन्या कायद्यात वर्षाला १२ टक्के, आणि समर्थन नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. प्रश्न ९ मधल्या रकमेवर वर्षाचं व्याज ५९,६७१ रुपये होतं. व्याज विमा कंपनीकडून मिळू शकतं, दंड मात्र मालकाच्याच खिशातून. अर्जात दोन्ही वेगवेगळे मागा.

१८. आयुक्तांनी अर्ज फेटाळला. पुढे?

६० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील, तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. तिथे साक्षीदार पुन्हा तपासत नाहीत. म्हणून प्रश्न ७, ८ आणि १० मधला पुरावा पहिल्याच पायरीवर पूर्ण हवा. अपील मालकाने केलं तर त्याला ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते.

१९. निकाल माझ्या बाजूने लागला, पण मालक पैसे भरत नाही.

आयुक्तांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तहसीलदार जप्ती करतो. कार्यालय अंधेरीत आणि गाळा भिवंडीत असेल तर दाखला ठाणे जिल्ह्यात पाठवायला सांगा, नाहीतर 'मालमत्ता आढळली नाही' असा शेरा येऊन फाइल परत येते. बँक खातं, गाळा क्रमांक, वाहनांचे नंबर तुम्हीच शोधून द्या. आणि कंपनी बंद पडण्याच्या बेतात दिसली तर निकालाची वाट न पाहता विमा कंपनीला प्रतिवादी करून घ्या. मालक दिवाळखोर झाला तर त्याचे विमा कंपनीवरचे हक्क तुमच्याकडे येतात.